देठ, वात आणि सपोझिटरी

आजचा विषय रेडिओवर घ्यावा की नाही, यावर आमच्या घरात दोन दिवस खल चालला होता. "सकाळी लोक चहा-पोहे घेत असतात, तेव्हा हे ऐकवणार का?" असा सौभाग्यवतींचा सवाल. मी म्हटले, सकाळचा चहा झाला की निम्मा महाराष्ट्र नेमकी कशाची वाट पाहत येरझारा घालतो, ते तुलाही ठाऊक आहे. पोट साफ होणे हा आपल्याकडे चेष्टेचा विषय आहे, तितकाच चिंतेचाही. हिरडा, सोनामुखी, त्रिफळा, रात्रीचे एरंडेल यांवर आपण चारचौघांत बोलतो. पण जे औषध तोंडाने न घेता खालच्या वाटेने ठेवायचे, त्याचे नाव निघाले की आवाज खाली येतो. दुकानदारसुद्धा ते कागदात गुंडाळून देतो. त्या औषधाला, म्हणजे सपोझिटरीला, निदान साडेतीन हजार वर्षांचा लेखी इतिहास आहे.

मी तालुक्याच्या गावी पस्तीस वर्षे दवाखाना चालवला. १९७८ च्या पावसाळ्यात एक आजीबाई आठ महिन्यांच्या नातवाला घेऊन आल्या. बाळाला चार-चार दिवस शी होत नव्हती. "देठ फिरवला की मोकळा होतो बघा, डाक्टर. दोन दिवस गेले की परत तेच." मी पोट चाचपले, थोडे फुगलेले वाटले. लहान मुलांची ग्लिसरीनची सपोझिटरी काढली, ठेवली, आणि पाऊण तासाच्या आत दवाखान्यातच काम झाले. आजीबाई खूष. "तुमची कांडी आमच्या देठापरीस भारी," असे प्रशस्तिपत्र देऊन त्या गेल्या. मीही खूष झालो. त्या बाळाकडे पुन्हा येऊ.

आजीबाईंचा देठ म्हणजे विड्याच्या पानाचा देठ. तो एरंडेलात बुडवून बाळाच्या गुदद्वाराशी अलगद फिरवायचा, ही आपल्याकडची घरोघरची रीत. देठ नसला तर अंगाच्या साबणाची बोटभर वळी कापून, पाण्यात गुळगुळीत करून ठेवायची. साबणाचा क्षार आतल्या नाजूक अस्तराला झोंबतो, कधी भाजल्यासारखी इजाही करतो, म्हणून डॉक्टर ती वळी वापरू देत नाहीत. मात्र ही रीत अडाण्यांची म्हणून हसण्यासारखी नाही. तिचे मूळ फार मोठ्या घराण्यात आहे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सातवा अध्याय आहे तो न रोखायच्या वेगांचा. मल, मूत्र, शिंक, जांभई, अश्रू असे तेरा वेग तिथे मोजले आहेत आणि ते दाबले तर काय होते ते सांगितले आहे. मलाचा वेग अडवल्यावर जे दुखणे होते त्यावर शेक, अभ्यंग, कोमट पाण्यात बसणे, वर्ती आणि बस्ती हे उपाय येतात. वर्ती म्हणजे वात. आपला 'वात' हा शब्द, दिव्यातली ती वात, याच 'वर्ति'पासून आला. हिंदीतली बत्तीही त्याच कुळातली. पुढे चिकित्सास्थानात उदावर्ताच्या प्रकरणात या वातीची कृती दिली आहे. त्रिवृत, पिंपळी, दंती अशी द्रव्ये गोमूत्रात वाटायची, मीठ घालायचे, गुळाने बांधायची आणि हाताच्या अंगठ्यासारखी वात वळायची. एवढे नेमके माप आजच्या औषधाच्या वेष्टनावरही नसते.

मला यात कृतीपेक्षा क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी तेल आणि शेक, मग वात, मग बस्ती, आणि रेचक त्यानंतर. म्हणजे अडथळा दाराशी असेल तर आधी दाराशीच उपाय करायचा, सगळे घर हलवायचे नाही. आपण सध्या नेमके उलट करतो. आधी आठ दिवस चूर्णे पोटात ढकलतो आणि हाती काही लागले नाही की दाराकडे वळतो.

इजिप्तमध्येही हेच ज्ञान होते. लायपझिगला जपून ठेवलेला एबर्स पपायरस इसवी सनापूर्वी १५५० च्या सुमाराचा. सुमारे वीस मीटर लांबीच्या त्या गुंडाळीत गुदमार्गे ठेवायच्या औषधांचे नुस्खे आहेत. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधला चेस्टर बीटी संग्रहातला सहावा पपायरस तर जवळजवळ पूर्णपणे गुदविकारांवरच आहे. पिरॅमिडच्या काळातल्या राजवैद्यांमध्ये 'गुदद्वाराचा राखणदार' अशा अर्थाची एक पदवी होती, आणि ती दाराआड लपवायची नव्हे, तर थडग्यावर अभिमानाने कोरायची. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात हिरोडोटसने लिहून ठेवले, की इजिप्तचे लोक दर महिन्याला सलग तीन दिवस पोट साफ करून घेतात, कारण सारे रोग खाल्लेल्या अन्नापासून होतात अशी त्यांची समजूत आहे. ही समजूत लक्षात ठेवा. ती विसाव्या शतकात कोट-टाय घालून परत येणार आहे.

ग्रीक वैद्य मध आटवून घट्ट करीत आणि त्याची लहान लांबट गोळी वळीत. ती ओक वृक्षाच्या फळासारखी दिसे, म्हणून तिला त्या फळाचेच नाव पडले. सपोझिटरी हा लॅटिन शब्द पुढचा, आणि त्याचा अर्थ 'खाली ठेवलेले' एवढाच सोवळा.

आता ही वात कशाची करायची, हा प्रश्न शतकानुशतके अडून होता. मध पातळ होतो, साबण झोंबतो, मेण वितळत नाही. हवा असा पदार्थ, की जो बोटात धरेपर्यंत घट्ट राहील आणि शरीराच्या उबेने विरघळेल. तो अठराव्या शतकात पॅरिसच्या आंत्वान बोमे या औषधविक्रेत्याच्या हाती आला. आपल्या साखर कारखान्यांतल्या केमिस्ट मंडळींना हे नाव परके नाही. चुन्याच्या निवळीचा दाटपणा मोजताना ते 'इतके बोमे' म्हणतात, तोच हा बोमे. त्याने कोकोचे लोणी, म्हणजे चॉकलेटच्या बियांतले तूप, या कामी सुचवले. ते ३४-३५ अंशांना विरघळते. शरीर ३७ अंशांवर. निसर्गाने जणू मोजूनमापून दिलेले. युरोपात त्याचे बस्तान बसले, पण विदर्भाच्या मे महिन्यात त्या वातीचे कपाटातच तूप होणार, हे सांगायला नको.

दुसरी वाट साबणातूनच निघाली. स्वीडनच्या कार्ल शील या रसायनज्ञाने १७७९ मध्ये ऑलिव्हचे तेल शिशाच्या भस्माबरोबर तापवले, तेव्हा तळाशी एक गोड, चिकट द्रव राहिला. पुढे फ्रान्सच्या शेव्हरलने त्याला ग्रीक भाषेतल्या 'गोड' या शब्दावरून ग्लिसरीन असे नाव दिले. साबण आणि मेणबत्त्यांच्या कारखान्यांत ते एकोणिसाव्या शतकात ढिगाने मिळू लागले. याच ग्लिसरीनपासून नोबेलने १८६७ मध्ये डायनामाइट केले आणि याच ग्लिसरीनची वातही झाली. दोन्हींचा हेतू अडथळा दूर करण्याचाच, असे आमचे एक प्राध्यापक वर्गात गंभीर चेहऱ्याने सांगत.

ग्लिसरीन पाणी ओढून घेते. गुदाशयात ठेवले की भोवतालचे पाणी खेचून मळ मऊ करते आणि अस्तराला हलकेच चेतवते. त्या चेतवण्याने कळ येते. ब्रिटिश पद्धतीच्या सपोझिटरीत ते जिलेटिनमध्ये गोठवतात. अमेरिकी पद्धतीत मात्र ते सोडियम स्टिअरेटने घट्ट करतात. सोडियम स्टिअरेट म्हणजे काय? साबण! शुद्ध केलेला, मोजून घातलेला, पण साबणच. आजीची वळी आणि कारखान्यातली कांडी यांचे नाते इतके जवळचे आहे.

इथपर्यंत गोष्ट सरळ होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला मात्र भीती शिरली. जंतूंचा शोध नवा होता. आतड्यात मळ साचला की जंतू विष तयार करतात आणि ते रक्तात भिनून डोकेदुखीपासून म्हातारपणापर्यंत सारे काही होते, असे मोठमोठे लोक सांगू लागले. इजिप्तची जुनी समजूत सूक्ष्मदर्शक घेऊन परत आली. लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधले सर विल्यम आर्बथनॉट लेन हे अतिशय कुशल शल्यचिकित्सक. बद्धकोष्ठतेवर उपाय म्हणून त्यांनी रुग्णांची मोठी आतडीच काढून टाकायला सुरुवात केली. साध्या तक्रारीसाठी केलेल्या या शस्त्रक्रियेत काहींनी प्राण गमावले. १९१३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये यावर मोठा वाद झडला. पुढे लेन यांनी चाकू ठेवला आणि १९२५ मध्ये आहार, व्यायाम यांचा प्रचार करणारी संस्था काढली.

त्याच गाइज हॉस्पिटलात आर्थर हर्ट्झ नावाचे तरुण डॉक्टर होते. पुढे ते हर्स्ट या नावाने प्रसिद्ध झाले. त्यांनी वेगळा विचार केला. माणसाला बिस्मथ मिसळलेले अन्न द्यायचे आणि क्ष-किरणांखाली ते कुठे पोहोचले ते तासातासाने पाहायचे. १९०९ च्या त्यांच्या ग्रंथात निष्कर्ष आहे, की बद्धकोष्ठाच्या कितीतरी रुग्णांची वरची सगळी आतडी वेळेवर काम करतात. मळ शेवटच्या टप्प्यापर्यंत येतो आणि तिथे थांबतो. वेग आला असता शाळा, कचेरी, लाज, घाई म्हणून तो वारंवार दाबला की गुदाशय हाक देणेच सोडून देतो. या प्रकाराला त्यांनी स्वतंत्र नाव दिले. चरकाचा न रोखायचा वेग तो हाच. एका इमारतीत एक डॉक्टर हातभर आतडे कापत होता आणि दुसरा दाखवत होता, की अडचण शेवटच्या वीतभर जागेत आहे.

आणि ते विष? १९२२ मध्ये डोनाल्डसन या अमेरिकी डॉक्टरने त्याचा सोक्षमोक्ष लावला. निरोगी माणसांनी काही दिवस शौच रोखून धरले, तेव्हा त्यांना जडपणा, डोकेदुखी, चिडचिड असा सगळा त्रास झाला. पण शौच होताच तो तत्काळ गेला. रक्तातले विष असे मिनिटांत उतरत नाही. मग त्याने गुदाशयात नुसते कापसाचे बोळे भरून पाहिले. त्रास तोच! कापसात कसले विष? ताणलेल्या गुदाशयाच्या मज्जातंतूंची ती तक्रार होती. हा प्रयोग मला वैद्यकाच्या इतिहासातल्या सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सुंदर प्रयोगांपैकी एक वाटतो.

भीती मात्र गेली नाही. आपल्याकडे निसर्गोपचाराच्या चळवळीने एनिमाला जवळजवळ नित्यकर्माचा दर्जा दिला. गांधीजींनी 'सत्याच्या प्रयोगां'त स्वतःच्या बद्धकोष्ठाबद्दल मोकळेपणाने लिहिले आहे. दक्षिण आफ्रिकेत असताना ते अधूनमधून रेचके घेत. मग अ‍ॅडॉल्फ जस्ट या जर्मन निसर्गोपचारकाचे पुस्तक वाचून त्यांनी पोटावर मातीच्या पट्ट्या सुरू केल्या. १९४६ मध्ये पुण्याजवळ उरुळी कांचनला त्यांनी निसर्गोपचार आश्रम सुरू केला. एवढा मोठा माणूस या विषयावर संकोचत नव्हता, तर आपण का संकोचावे?

सपोझिटरीतले पुढचे मोठे औषध दारूच्या भेसळीतून आले. हंगेरीत खऱ्या वाइनच्या नावाखाली चोथ्यापासून केलेली नकली वाइन खपवली जाई. ती ओळखता यावी म्हणून तिच्यात फिनॉल्फ्थॅलीन घालावे, असा सरकारी बेत झाला. बारावी सायन्सच्या प्रयोगशाळेत जे थेंबभर टाकले की क्षारात गुलाबी होते, तेच हे. शरीरावर त्याचा काय परिणाम होतो हे पाहायचे काम झोल्तान वामोशी या औषधशास्त्रज्ञाकडे आले, आणि १९०२ मध्ये त्यांनी ते जोरदार रेचक असल्याचे सांगितले. मग काय, चॉकलेटमध्ये घालून ते जगभर विकले गेले. प्राण्यांवरच्या चाचण्यांत कर्करोगाची शंका आल्याने अमेरिकेने १९९९ मध्ये त्याला रजा दिली. त्याच्याच रचनेशी साधर्म्य असलेले बिसाकोडिल १९५० च्या दशकाच्या आरंभी जर्मनीत आले. गोळी रात्री घेतली तर काम सकाळी करते. सपोझिटरी ठेवली तर पंधरा मिनिटे ते तासाभरात. ती आतड्याच्या शेवटच्या भागातल्या मज्जातंतूंना थेट जागे करते.

या जागे करण्याचे मोल कुणाला, तर ज्यांचा मणका दुखावला आहे त्यांना. दुसऱ्या महायुद्धापर्यंत कंबरेखाली लुळा पडलेला सैनिक फार दिवस जगत नसे. १९४४ मध्ये इंग्लंडमध्ये स्टोक मँडव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमन यांनी असे रुग्ण वाचवायला आणि उभे करायला सुरुवात केली. लघवी, पाठीच्या जखमा आणि शौच या तीन गोष्टींची शिस्त लावल्याशिवाय ते शक्य नव्हते. आपल्याकडे १९७४ मध्ये खडकीला पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र उभे राहिले. मेंदूचा हुकूम खाली पोहोचत नसला, तरी मज्जारज्जूच्या अगदी टोकाचा भाग शाबूत असेल तर गुदाशयाची स्वतःची कळ जिवंत असते. नाश्ता झाल्यावर ठरल्या वेळी सपोझिटरी ठेवायची आणि ती कळ बोलवायची. टोकाचा भागच गेला असेल तर मात्र ही वात पेटत नाही. तिथे दुसरे उपाय लागतात. ज्याला हे जमले तो माणूस चाकाच्या खुर्चीत बसून नोकरीला जातो, लग्नाला जातो, निर्धास्तपणे प्रवास करतो. आपण ज्याचे नाव घ्यायला लाजतो, त्या कांडीवर त्याचा चारचौघांतला वावर उभा असतो.

आता ते बाळ. तीन आठवड्यांनी आजीबाई परत आल्या, या वेळी रात्री आणि बैलगाडीतून. पोट नगाऱ्यासारखे ताणलेले, अंगात ताप, उलट्या, आणि दुर्गंधी येणारे पातळ जुलाब. मी त्या बाळाच्या आईला तो प्रश्न विचारला, जो पहिल्या दिवशीच विचारायला हवा होता. "जन्मल्यावर पहिली काळी शी कधी केली यानं?" ती म्हणाली, "चवथ्या दिवशी. ती बी देठ फिरवल्यावर."

निरोगी, पूर्ण दिवसांचे बाळ बहुधा पहिल्या चोवीस तासांत ती काळी शी करते, आणि अठ्ठेचाळीस तासांत तर जवळजवळ सगळीच करतात. चौथा दिवस म्हणजे धोक्याची घंटा. कोपनहेगनचे बालरोगतज्ज्ञ हॅराल्ड हर्शस्प्रुंग यांनी १८८६ मध्ये बर्लिनच्या परिषदेत अशा दोन बाळांची हकिगत सांगितली होती. जन्मापासून बद्धकोष्ठ, प्रचंड फुगलेले मोठे आतडे आणि अखेर मृत्यू. तेव्हापासून साठ वर्षे शल्यचिकित्सक ते फुगलेले आतडे कापत राहिले आणि दुखणे परत येत राहिले. कारण फुगलेला भाग बिचारा निरोगी होता! दोष त्याच्याखालच्या, दिसायला अगदी साध्या तुकड्यात होता. त्या शेवटच्या तुकड्यात आतडे पुढे ढकलणाऱ्या मज्जापेशीच जन्मतः नसतात. तो आवळलेलाच राहतो आणि वरचे आतडे ढकलून ढकलून फुगते. १९४८ मध्ये बोस्टनच्या ऑर्व्हर स्वेन्सन यांनी तो तुकडा काढून वरचे चांगले आतडे खाली ओढून जोडले, आणि मुले बरी होऊ लागली. साधारण पाच हजार जन्मांमागे एका बाळाला हा आजार असतो.

अशा बाळाला देठ फिरवला किंवा सपोझिटरी ठेवली की आवळलेली वाट क्षणभर सैल होते, साचलेले बाहेर पडते, पोट उतरते. सगळ्यांना वाटते, गुण आला. आजीबाईंना आठ महिने तसे वाटले. मला, पुस्तक वाचलेल्या डॉक्टरला, तीन आठवडे तसेच वाटले. वात लागू पडली म्हणजे दुखणे साधे आहे, हा आमच्या दोघांचा समज होता.

त्या रात्रीच जीप मिळवून बाळाला पुण्याला पाठवले. तिथे आधी पोटावर शौचाची तात्पुरती वाट काढली, मग आतड्याचा तुकडा तपासला, आणि वर्षभराने मोठी शस्त्रक्रिया झाली. बाळ जगले. त्यानंतर माझ्या टेबलावरच्या वहीत प्रत्येक तान्ह्या मुलाच्या नावापुढे मी एक रकाना आखला: पहिली शी कितव्या तासाला. बद्धकोष्ठाची तक्रार घेऊन आलेल्या बाळाला तो रकाना भरल्याशिवाय सपोझिटरी द्यायची नाही.

२००६ मध्ये तो मुलगा, म्हणजे आता गावातला ट्रॅक्टरवाला, बायको आणि दोन दिवसांचे बाळ घेऊन दवाखान्यात आला. हा आजार काही घराण्यांत उतरतो, त्यामुळे मी जरा सावरून बसलो. त्यांच्यामागून काठी टेकत आजीबाई आल्या. मी तोंड उघडायच्या आधीच त्या म्हणाल्या, "पहिल्याच दिशी केली बरं का डाक्टर. काळीभोर. मी देठ हातात धरू दिला न्हाई कुणाला."